बिल किती, हे भरण्याच्या पद्धतीवरही ठरतं
युनिट तेवढीच जळली तरी बिल भरायच्या पद्धतीनुसार रक्कम बदलू शकते. बँक खात्यातून आपोआप पैसे वळते करणाऱ्यांना किंवा कागदी बिल बंद करणाऱ्यांना बऱ्याच वीज-गॅस कंपन्या थोडी सूट देतात. कार्डावर उलट कधीकधी सुविधा शुल्क लागतं, तेही अगदी शेवटच्या स्क्रीनवर, बारीक अक्षरात. तिथे घाई नको.

दरमहा ठरावीक हप्ता कापला जात असेल तर तो बहुधा अंदाजे वापरावर बेतलेला असतो. महिन्यातून एकदा मीटरचा फोटो काढा, बिलावरच्या रीडिंगशी ताडून बघा. जास्तीचे पैसे कंपनीकडे साचत असतील तर हप्ता कमी करून मागा. (मागितल्याशिवाय सहसा कोणी करत नाही.) खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला, तर बँकेचा दंड वेगळा आणि कंपनीचा वेगळा.