ड्रॉपरच्या रिकाम्या बाटल्या पुन्हा वापरण्याआधी

सीरमची किंवा तेलाची ड्रॉपरवाली बाटली रिकामी झाली की टाकवत नाही. मग ती नळाखाली विसळून कपाटात जाते आणि पुढे कधीतरी उघडली की जुना वास तसाच येतो. हा वास सहसा काचेचा नसतो. काचेत काही मुरत नाही, मुरतं ते झाकणावरच्या रबरी फुग्यात. म्हणून बाटली आणि ड्रॉपर ही दोन वेगळी कामं समजा. पहिलं सोपं आहे, दुसरं चिवट.

कीटकनाशक, निकोटिनचं द्रव्य किंवा कसलंही घातक रसायन असलेली बाटली मात्र पुन्हा वापरूच नका. आत काय होतं हे आठवत नसेल तर तीही नको. तोंडाशी टवका उडालेला असेल किंवा नळीचं टोक फुटलेलं असेल, तर धुण्यात वेळ घालवू नका.

आता सगळे भाग सुटे करा. फुग्यातली काचेची नळी ओढून निघते. ती फडक्यात धरा, फुग्याच्या अगदी जवळ पकडा आणि हलके फिरवत ओढा. मधोमध धरून जोर लावला तर ही पातळ काच हातातच मोडते. निघत नसेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा. काही बाटल्यांच्या तोंडात थेंब अडवणारं प्लास्टिकचं बूच असतं, तेही काढा.

लेबल कोमट साबणाच्या पाण्यात भिजवल्यावर बहुधा सुटतं. मागे राहिलेल्या चिकट थरावर पाणी काही करत नाही. त्यावर खाण्याचा सोडा आणि तेल सारख्या प्रमाणात कालवून चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी पुसून घ्या.

आतून धुताना आधी काय भरलेलं होतं ते बघा. पाण्यासारखं पातळ सीरम असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण पुरे. तेलकट बाटलीत मात्र पाणी आधी घालू नका. कोरड्या बाटलीत साबणाचे काही थेंब टाका, झाकण लावून जोरात हलवा आणि मग गरम पाणी ओता; तेल साबणात मिसळून निघून येतं. इसेन्शियल ऑइल (वनस्पतींपासून काढलेलं सुगंधी तेल) पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणून तिथे पहिली विसळणी आयसोप्रोपिल अल्कोहोलची. तळाशी काही वाळून बसलं असेल आणि ब्रश पोचत नसेल, तर चमचाभर कच्चे तांदूळ आणि थोडं साबणाचं पाणी घालून खळखळून हलवा.

मग बाटली आणि काचेची नळी उकळा. पातेल्याच्या तळाशी फडकं घाला, काच गार पाण्यात ठेवा आणि मगच गॅस पेटवा. उकळी आल्यावर १० मिनिटं पुरेत. गार काच उकळत्या पाण्यात टाकली किंवा गरम बाटली गार ओट्यावर ठेवली, तर तडा जाऊ शकतो. पाण्यातच निवू द्या. उकळल्याने बहुतेक जंतू मरतात, पण काही जिवाणूंचे बीजाणू (त्यांचं उष्णता सोसणारं सुप्त रूप) टिकतात. त्यामुळे डोळ्यांत किंवा जखमेवर घालायचं काहीही या बाटलीत भरू नका.

आता ड्रॉपर. फुगा साबणाच्या कोमट पाण्यात दाबत राहा, म्हणजे पाणी आत ओढलं जाईल आणि बाहेर फेकलं जाईल. पाणी नितळ येऊ लागलं की हेच ७० टक्के अल्कोहोलने करा. जास्त तीव्र म्हणजे जास्त चांगलं असं इथे नाही: जंतू मारायला त्यात थोडं पाणी लागतं, शिवाय ९९ टक्के अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं. पेटत्या गॅसजवळ हा उद्योग नको. फुगा वारंवार उकळू नका, रबर कडक होऊन चिरतं. एवढं करूनही वास राहिला, फुगा चिकट लागला किंवा फुगलेला दिसला, तर तो टाका. ड्रॉपर सुटे मिळतात, पण बाटल्यांच्या तोंडाचा आकार आणि आटे सारखे नसतात, म्हणून घेताना बाटली सोबत न्या.

वाळवण्यात घाई झाली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. बाटली स्वच्छ जाळीवर उपडी ठेवा, म्हणजे खालून हवा लागेल. नळी उभी ठेवा. रात्रभर तरी जाऊ द्या. तेल भरायचं असेल तर आत थेंबभरही पाणी नको. सगळं खडखडीत कोरडं झाल्यावरच भाग जोडा, मग पाणी भरून उलटं धरा आणि गळतंय का ते पाहा. अर्थात त्यानंतर पुन्हा वाळवायची.

केसांचं तेल, शिवणयंत्राचं तेल, फाउंटन पेनची शाई यांसाठी या बाटल्या उत्तम. तपकिरी काच अतिनील किरण अडवते, त्यामुळे उजेडाने बिघडणारी तेलं तिच्यात अधिक टिकतात. इसेन्शियल ऑइल मात्र ड्रॉपर लावून साठवू नका, त्याच्या वाफेनेही रबर खराब होतं. साधं स्क्रूचं झाकण लावा. घरी केलेलं पाण्याचं मिश्रण फार दिवस ठेवू नका. बाटली नेहमी उभी ठेवा आणि त्याच दिवशी नाव व तारीख लिहून चिकटवा. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी तर नकोच, औषधाची वाटणारी बाटली तोंडाला लावायला त्यांना वेळ लागत नाही.

एका ड्रॉपरने दुसरं औषध मोजू नका. पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली असं धरतात, पण नळीचं तोंड बदललं की थेंबाचा आकार बदलतो, आणि अल्कोहोलचा थेंब तर पाण्याच्या थेंबापेक्षा बराच लहान असतो.