शाळेच्या परसबागेत लहान मुलांचे तास कसे घ्यावेत?

बऱ्याच शाळांत बाग असते ती तपासणीपुरती. तिरक्या रोवलेल्या विटा, त्यांना चुना आणि गेरू, मध्ये दोन जास्वंदी आणि शेजारी पाटी: ‘झाडांना हात लावू नये’. पहिली ते पाचवीच्या मुलांना अशा बागेतून काहीही शिकवता येत नाही. त्यांना हात लावायचाच असतो, आणि त्यांचा तास तिथूनच सुरू होतो.

उलट टोकाची चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी हौसेनं आठ वाफे काढले. ऑगस्टमध्ये त्यातल्या सहांत पहिलीच्या मुलांएवढं गवत होतं. तेव्हा सुरुवात एका वाफ्यापासून करा, आणि एकच ठेवा.

वाफा आखणं हाच गणिताचा तास

दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळेल, हात धुण्याच्या नळाचं पाणी वळवता येईल आणि वर्गाच्या खिडकीतून दिसेल अशी जागा निवडा. खिडकीतून दिसणारा वाफा मुलं विसरत नाहीत. लांबी २ मीटर, रुंदी ७५ सेंटीमीटर पुरे. एवढ्या रुंदीत लहान मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचतो, वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. माती वीतभर उंच चढवा. कोकणात जूनच्या सरी बी वाहून नेतात, तिथे पालेभाज्या गणपतीनंतरच घ्याव्यात. पावसात मांडवावर दोडका, पडवळ, काकडी चढवावी.

टेप लगेच काढू नका. आधी मुलांना वितेनं मोजू द्या. माझ्या दहा विती भरतात, दुसरीतल्या मुलांच्या तेरा-चौदा. ‘बाई, तुमचा वाफा लहान आहे!’ असं कुणीतरी म्हणतंच. मग कुणाची वीत खरी धरायची त्यावर भांडण होतं, आणि ते मनसोक्त झालं की मोजपट्टी बाहेर काढायची. मोजपट्टी कशासाठी असते हे मग सांगावं लागत नाही.

बी पेरणं, आणि ते उकरून बघणं

पहिलं पीक मेथी. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात काढायला येते. लहान मुलांचा धीर तेवढाच असतो. शेजारी मुळा लावा, कारण उपटताना खालून काय निघेल याची मजा दुसऱ्या कशात नाही. तोडणीसाठी भेंडीची चार झाडं असू द्या. धने पेरायचे तर रगडून त्यांच्या दोन फाकी करून. लाल माठाचं बी इतकं बारीक की मुलांची मूठ एका जागी रिकामी होते. त्यात चौपट राख मिसळून द्या. किती खोल पेरायचं? बी जेवढं जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट. हा नियम मुलांना लगेच कळतो, मग घेवडा आणि माठ वेगवेगळ्या खोलीवर का, हे ती स्वतःच सांगतात.

दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं बी उकरून बघणार. रागावू नका, त्यांना खिडकी द्या. काचेच्या ग्लासात ओला टिपकागद गुंडाळून काच आणि कागदाच्या मध्ये घेवडा, हरभरा आणि मक्याचे दाणे अडकवा. तळाशी बोटभर पाणी ठेवा. दाणे मुद्दाम उलटे, आडवे, कसेही लावा. मूळ मात्र प्रत्येकाचं खालीच वळतं. एका ग्लासातले दाणे उगवल्यावर तो आडवा करून ठेवा, दोन दिवसांत मुळं पुन्हा खाली वळलेली दिसतील. घेवडा आपल्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन वर येतो, हरभऱ्याच्या डाळी खालीच राहतात, मका गुंडाळलेलं एकच पान काढतो. एकदल-द्विदल हे शब्द त्यानंतर फळ्यावर लिहा. आधी लिहिलेत तर ते पाठ होतील आणि ग्लासाकडे कुणी बघणार नाही.

तीस मुलं, एक वाफा

सगळी एकदम बाहेर नेलीत तर वाफा तुडवला जाईल. पाच-सहा जणांचे गट करा. एक गट वाफ्यावर, एक ग्लासांपाशी, बाकीचे वहीत. रोज दहा मिनिटं पुरतात. वहीत तारीख, झाडाची उंची, एक चित्र आणि ‘आज नवीन काय दिसलं’ एवढंच. पहिलीच्या मुलांचं नुसतं चित्र. ‘पान का वाळलं?’ असं विचारलं की उत्तर लगेच देऊ नका, तुला काय वाटतं ते विचारा आणि वहीत लिहून ठेवायला सांगा. मला स्वतःला हे जमायला दोन वर्षं लागली. शिक्षकाची जीभ आवरत नाही.

चौथी-पाचवीला पाऊस मोजायला द्या. सपाट बुडाचा, सरळ भिंतींचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज ठरलेल्या वेळी पट्टीनं पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. आपला वाफा दीड चौरस मीटरचा, म्हणजे १० मिलिमीटर पावसात त्याला १५ लिटर पाणी मिळालं, एक बादली. काल बादलीभर पाऊस पडला असेल तर आज झारी कशाला? हा हिशोब मुलं घरी शेतावरही सांगतात.

कढीपत्त्यावरची अळी

माझा सगळ्यात आवडता तास हा. कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं एक झाड वाफ्याजवळ असू द्या. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी दिसतं आणि मुलं ‘ई!’ करून मागे सरतात. जरा वेळानं ते हलतं. ती लिंबू फुलपाखराची लहान अळी, आणि पक्ष्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून तिचं हे सोंग. वाढली की हिरवीगार होते. गवताच्या काडीनं हलकेच डिवचलंत तर डोक्यामागून दोन फाट्यांचं नारिंगी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते.

एखादी अळी फांदीसकट मोठ्या बरणीत ठेवा, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा, पानं रोज ताजी द्या आणि तळ पुसा. खाणं थांबवून ती काडीला रेशमी पट्ट्यानं स्वतःला बांधून घेते तो दिवस चुकवू नका. त्यानंतर बरणी हलवायची नाही. आठवड्या-दीड आठवड्यात बाहेर येणारं फुलपाखरू ओलं, चुरगळलेलं असतं; पंख पसरून वाळेपर्यंत कुणीही बोट लावायचं नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू ठरवलेलं ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं, हे सांगायला ही वेळ चांगली. कधी कोशातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघतात. त्यांनी अळीच्या अंगात अंडी घातलेली असतात. मुलं रडवेली होतात, पण हे लपवू नका. वाफ्यावरची कीड वाढत सुटत नाही ती अशाच माश्यांमुळे. त्याच कारणानं मुलांच्या वाफ्यावर कीटकनाशक मारायचं नाही. फारच मावा पडला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

जपायचं काय

पावसाळ्यात पाल्याच्या ढिगात मुलांनी हात घालायचा नाही. आधी मोठ्यांनी काठीनं ढवळायचं, साप-विंचू असू शकतात. कण्हेर आणि धोतरा विषारी, रुईचा चीक डोळ्यांना घातक: ही तीन झाडं पहिल्याच दिवशी लांबून दाखवा. गाजरगवत मुलांनी उपटायचं नाही. खुरपी लहान मुठीची घ्या, आणि शेवटी साबणानं हात.

काढणी आणि सुट्टी

मेथी काढली की जुड्या बांधून तागडीत तोला आणि पोषण आहाराच्या खिचडीसाठी स्वयंपाकाच्या मावशींकडे मुलांच्याच हातानं पोचवा. घरी मेथी बघून तोंड फिरवणारी मुलं ‘आमची मेथी’ मागून घेतात.

दिवाळीनंतर मेथी, पालक, कोथिंबीर पुन्हा. मे महिन्यात वाफा वाचवायचा अट्टहास करू नका. पाणी नसतं, आणि शेळ्यांना फाटकाची फट बरोबर सापडते. त्याआधी भेंडीच्या दोन शेंगा आणि एक दोडका झाडावरच वाळू द्या. बी गावरान वाणाचं असेल तरच हे करा. संकरित पाकिटातल्या बियांपासून पुढच्या वर्षी तसंच झाड येईल याचा भरवसा नाही. सुकलेलं बी राखेत घोळून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि बाहेर चिठ्ठी चिकटवा: दोडका, इयत्ता तिसरी, मार्च. जूनमध्ये ही बाटली नव्या तिसरीच्या हातात द्यायची आहे.