उन्हातली कामे आणि कातडीची काळजी: मे ते आवणीपर्यंत (भाताच्या लावणीपर्यंत), ठाणे जिल्ह्यासाठी सल्ला

मुरबाड-शहापूरकडे भेंडीची तोडणी, उन्हाळी भाताची कापणी-झोडणी, आंब्याची उतरवणी आणि बांधांची डागडुजी ही कामे मे महिन्यात एकदमच अंगावर येतात. घामाने जीव कासावीस होतो म्हणून पाणी, ताक यांची आठवण राहते. कातडीची राहत नाही, कारण ती भाजते अतिनील किरणांनी आणि हे किरण अंगाला जाणवतच नाहीत. खाडीवरचा वारा सुटला की बरे वाटते, पण किरण तेवढेच लागतात. विरळ ढगांतूनही त्यांतले बरेचसे खाली पोचतात.

ठाण्यात १६ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली बुडाशीच पडते. हे घड्याळात बाराला नव्हे, तर साधारण १२.३५ला घडते. म्हणून साडेदहा ते अडीच ही वेळ सर्वांत वाईट धरावी. घड्याळ जवळ नसले तर सावली पाहा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की अंग झाकलेले हवे, आणि मे महिन्यात ती साडेनऊलाच आखूड होते. भेंडीवाले उजाडताच तोडणीला लागतात, त्यांचे बरे चालते. अडचण होते ती आठला चहा घेऊन निघणाऱ्या आणि एकपर्यंत कापणी रेटणाऱ्यांची. कापणी सहाला सुरू करावी, साडेदहाला थांबवावी, उरलेली तीननंतर घ्यावी. मजूर लावणाऱ्याने या मधल्या सुट्टीची मजुरी कापू नये. ती कापली की कुणीच थांबणार नाही.

कपड्यांच्या बाबतीत बायका आधीच पुढे आहेत. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवून जाणे हा उत्तम उपाय आहे, फक्त बाह्या दुमडू नयेत आणि कॉलर उभी ठेवावी. शर्ट धुऊन धुऊन विरला असेल तर तो उजेडाकडे धरून आत हात घालून पाहा. बोटे दिसली तर ऊनही आत येते असे समजा. घामाने भिजलेल्या सुती कापडातून किरण जास्त आत शिरतात, म्हणून दुपारनंतर घालायला कोरडा शर्ट सोबत असावा. पुढाऱ्यांनी वाटलेल्या टोप्या कपाळापुरत्या असतात, कान आणि मान उघडीच राहते. टोपीखालून गमछा मानेवर सोडावा किंवा रुंद काठाची टोपी घ्यावी.

घोडबंदर रस्त्याकडच्या रोपवाटिकांत दिवसभर राबणाऱ्यांनी शेडनेटवर विसंबू नये. ५० टक्के सावलीच्या जाळीतून निम्मे ऊन खाली येतेच.

सनस्क्रीन अंगभर फासणे परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. उघडा राहतो तो चेहरा, कान, मान आणि हातांच्या पाठी, एवढ्यालाच लावावे. एसपीएफ (उन्हापासून बचावाचा आकडा) ३० किंवा जास्त, ब्रॉड स्पेक्ट्रम (दोन्ही प्रकारचे अतिनील किरण अडवणारे) असे लिहिलेले घ्यावे. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीइतके मलम लागते. टिकलीएवढे लावून उपयोग नाही. घाम पुसला जातो तसे तेही जाते, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावे. खोबरेल तेल त्याच्या जागी चालत नाही.

लिंबाचा रस किंवा अंजिराचा चीक हाताला लागून ऊन पडले तर तिथे फोड येतात आणि पुढे काळे डाग राहतात. गाजर गवताची ॲलर्जी असलेल्यांची चेहऱ्या-मानेवरची खाज उन्हात वाढते. उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि काम संपताच साबणाने धुणे.

आवणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिखलपाण्यात उतरणाऱ्यांना लेप्टोपासून (उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापापासून) बचाव म्हणून पावसाळ्यात डॉक्टर डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात. ती घेतल्यावर कातडी उन्हाला फार हळवी होते, थोड्या उन्हानेही लाल होऊन आग होते. जुलैअखेर सूर्य पुन्हा डोक्यावर येतो आणि पावसाने उघडीप दिली की चटका बसतो. म्हणून गोळी बंद करू नका, अंग झाका. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवे होऊ नये.

कातडी भाजलीच तर गार पाणी ओतावे, ओले फडके ठेवावे. बर्फ, टूथपेस्ट नको. फोड फोडू नयेत. गालावर वांग आले म्हणून दुकानदाराने दिलेली गोरे करणारी मलमे लावू नयेत. बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असते, त्याने कातडी पातळ होते आणि उन्हाला आणखी हळवी पडते.

सावळ्या रंगाला उन्हाचे काही होत नाही हा समज अर्धाच खरा. कर्करोगाचा धोका कमी असतो, शून्य नसतो. अंगावर कोड असलेल्यांनी ते डाग झाकूनच बाहेर पडावे. खालच्या ओठावर, कानावर किंवा हाताच्या पाठीवर खरखरीत चट्टा उठला, किंवा महिनाभरात न भरणारी जखम असली, तर पेरणी उरकायची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी.