इम्युनॉलॉजीचं पहिलं सेमिस्टर कसं निभवायचं

इम्युनॉलॉजी म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास. पहिल्या टेस्टला मला वीसपैकी सात पडले होते. डोंबिवली ते दादर उभ्याने आयएल-२, आयएल-४, आयएल-६ अशी सायटोकाइन्सची (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या प्रथिनांची) नावं घोकत जायचे. पेपर समोर आला की सगळं गायब. म्हणून सांगते, सायटोकाइन्सच्या यादीपासून सुरुवात करूच नका.

आधी एकच प्रसंग धरा: बोटात काटा रुतला. आत गेलेल्या जंतूंना मॅक्रोफेज (ऊतींमधली पहारेकरी पेशी) ओळखतो, गिळतो, सिग्नल सोडतो. रक्तवाहिन्या रुंदावतात, न्यूट्रोफिल्स (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) धावत येतात. तोवर डेंड्रिटिक सेल जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथीत) पोचते आणि टी सेलला (ठरावीक जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशीला) दाखवते. हे चित्र वहीच्या मागच्या पानावर रोज, न बघता काढा. प्रत्येक बाण का, हे तोंडाने सांगता आलं पाहिजे. मी आईला मेथी निवडताना ऐकवायचे. "मग ताप कशाला येतो गं?" असं तिने विचारलं, तेव्हा कुठे आयएल-१ आणि आयएल-६ डोक्यात बसले.

एमएचसीचा (जंतूचे तुकडे टी सेलला धरून दाखवणाऱ्या रेणूंचा) गोंधळ होतो? गुणाकार आठ यायला हवा: क्लास १ला सीडी८, क्लास २ला सीडी४ (सीडी म्हणजे इथे टी सेलवरची प्रथिनं). कॉम्प्लिमेंट (रक्तातल्या जंतूविरोधी प्रथिनांची साखळी) मात्र घोकावंच लागतं, इलाज नाही.

प्रॅक्टिकलला रक्तगट बघताना घाई नको. अँटी-एचा (ए गटाच्या पेशींना एकमेकींना चिकटवणाऱ्या द्रावणाचा) थेंब रक्तात काडीने हलकेच मिसळा, स्लाइड तिरकी करा. गुठळ्या रव्यासारख्या दिसतात.

आणि लसीवरचं उत्तर मी हाफकिन या शास्त्रज्ञापासून सुरू करते: १८९७, मुंबईत, प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती त्याने.