मराठीत ‘चाक फिरवा, अक्षर सांगा’ बसवताय? मग या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात पहिला डाव मांडला तेव्हा फळ्यावर बारा कोऱ्या चौकटी होत्या. उत्तर होतं ‘नाचता येईना अंगण वाकडे’. सहावीतल्या एका मुलीने गुण मोजून दिले आणि म्हणाली, “मला अ हवाय.” फळ्याजवळचा मुलगा थबकला. ‘अंगण’मधला अं उलटायचा हे उघड होतं. पण च, ग, ण, क या अक्षरांतही अ आहेच, मग त्यांचं काय? आमच्या नियमांत याचं उत्तर नव्हतं, कारण ते नियम आम्ही इंग्रजी खेळातून जसेच्या तसे उचलले होते.

तो खेळ म्हणजे अमेरिकेतला ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’. जानेवारी १९७५मध्ये एनबीसी वाहिनीवर तो सुरू झाला आणि आजही चालू आहे. त्याचे जनक मर्व्ह ग्रिफिन लहानपणी बहिणीबरोबर हँगमन, म्हणजे एकेक अक्षर सांगत लपवलेला शब्द ओळखायचा खेळ, खेळायचे. त्या साध्या खेळाला त्यांनी एका मोठ्या चाकाची जोड दिली. स्पर्धक चाक फिरवतो आणि एक व्यंजन सांगतो. चाकावर ३०० आले आणि ते व्यंजन दोनदा असलं, तर ६०० मिळतात. स्वर मात्र विकत घ्यावा लागतो, ठरलेल्या २५० डॉलरना. उत्तर सुचलं की ते मोठ्याने सांगायचं.

असा खेळ मराठीत नव्याने रचायला मला फार आवडतं. मंडळासाठी, शाळेसाठी, परदेशातल्या मुलांच्या मराठी वर्गासाठी तो उत्तम आहे. त्याला आम्ही ‘बाराखडीचं चाक’ म्हणतो. तुम्ही तुमचं नाव शोधा, फक्त मूळ कार्यक्रमाचं नाव, बोधचिन्ह आणि संगीत उचलू नका. लपवलेलं वाक्य एकेका अक्षराने उघडण्याची कल्पना ग्रिफिन यांच्याही आधीची आहे, ती खुशाल घ्या.

चूक पहिली आणि सगळ्यांत मोठी: स्वर विकणे

इंग्रजीत एका चौकटीत एक अक्षर असतं आणि स्वरही व्यंजनासारखाच स्वतंत्र चौकटीत बसतो. मराठीत स्वर बहुतेक वेळा व्यंजनाच्या अंगाखांद्यावर असतो. त्या बारा चौकटींत स्वतंत्र स्वर दोनच आहेत, ई आणि अं. बाकी चार ठिकाणी काना (ना, ता, ना, वा), दोन ठिकाणी मात्रा (ये, डे), आणि चार अक्षरं नुसतीच. ‘स्वर विका’ म्हटलं तर विकायला उरतं काय?

आमचं उत्तर दुसऱ्या वर्षी सापडलं: स्वर नाही, चिन्हं विका. काना विकत घ्या, मात्रा घ्या, वेलांटी घ्या, उकार घ्या. व्यंजन सांगितलं की फळ्यावर ते नुसतं उभं राहतं, न च त असं. कुणी काना घेतला की चारही काने एकदम लागतात आणि ना-च-ता वाचता येतं. त्या क्षणी प्रेक्षकांतून जो आवाज उठतो तो इंग्रजी खेळात मी कधी ऐकलेला नाही. आपल्या लिपीने फुकट दिलेली ही मजा आहे, ती घालवू नका.

नुसत्या व्यंजनातला अ फुकट. तो मागायचाच नाही. स्वतंत्र स्वर आपापल्या चिन्हाबरोबर उघडतात: काना घेतला की आ, मात्रा घेतली की ए, वेलांटी घेतली की इ-ई. अनुस्वार आम्ही सुरुवातीपासूनच फळ्यावर दाखवतो. नाहीतर ‘अंगण’मध्ये न आहे की ङ, यावर पाच मिनिटं जातात.

ओकारात कानाही दिसतो आणि मात्राही. मग काना घेणाऱ्याला ‘को’मधला काना द्यायचा का? देऊ नका. कानाला विचारा, डोळ्याला नको: ओ हा वेगळा स्वर आहे, त्याची किंमत वेगळी. ऐ आणि औ यांनाही तेच लागू. हा नियम डाव सुरू होण्याआधी सांगून टाका.

वेलांटीच्या बाबतीत मात्र उलटं करा. पहिली आणि दुसरी वेगळी विकू नका. ‘अति तिथे माती’मध्ये दोन पहिल्या आहेत आणि एक दुसरी. खेळाडूने ‘वेलांटी’ म्हटलं की तिन्ही आपापल्या जागी लागाव्यात. तसं केलं नाही तर शब्दांचा खेळ शुद्धलेखनाची परीक्षा होतो आणि ज्यांना मराठी बोलता येतं पण लिहायची सवय नाही ते हळूच मागच्या खुर्चीवर जातात. मला तेच लोक पुढे हवे असतात. उकारांचंही तसंच.

र लपलेला असतो

फळ्याजवळच्या माणसाकडून सर्वाधिक चुका इथे होतात. ‘सूर्यप्रकाश’मध्ये र दोनदा आहे आणि एकदाही तो र सारखा दिसत नाही. एक रफार होऊन य वर बसलाय, दुसरा प च्या पायाशी तिरका गेलाय. ‘महाराष्ट्र’त एक र सरळ आहे आणि दुसरा ट खाली. ‘दर्या’त पुन्हा रफार आहे, तर ‘दऱ्या’त त्याचं आणखी एक रूप दिसतं. खेळाडू र सांगतो, फळ्याजवळचा एकच चौकट उघडतो, आणि उत्तर पूर्ण झाल्यावर कुणीतरी म्हणतं, “अहो, माझे गुण बुडाले!” ते बरोबर असतं.

उपाय साधा आहे. प्रत्येक कोड्याच्या मागे आधीच लिहून ठेवा: कुठलं व्यंजन किती वेळा, कुठल्या चौकटीत. आयत्या वेळी मोजू नका. ‘कृपा’सारखे शब्द असतील तर तेही टिपा, कारण ऐकताना तिथे र वाटतो, पण तो ऋकार आहे आणि र मागणाऱ्याला तिथे काही मिळत नाही. लहान मुलांच्या डावात ऋकाराचे शब्दच घेऊ नका.

जोडाक्षरांसाठी आम्ही दुहेरी रेघेची चौकट करतो. ‘ष्ट्र’च्या चौकटीत तीन व्यंजनं आहेत. जे सांगितलं जाईल ते खडूने कोपऱ्यात लहान लिहायचं, त्याचे गुण लगेच द्यायचे, आणि तिन्ही जमली की पूर्ण जोडाक्षराचं कार्ड लावायचं. यापूर्वी आम्ही एक व्यंजन आलं की सगळी चौकट उघडायचो, त्यात कोडं फार लवकर फुटायचं. क्ष आणि ज्ञ ही मात्र स्वतंत्र अक्षरं धरा. ‘ज्ञानेश्वर’मधला ज्ञ आपण द-न-य असा उच्चारतो. त्यात ज आणि ञ शोधायला कुणाला सांगणं अन्यायाचं आहे.

“श म्हणालात की स?”

श-ष-स, न-ण, ल-ळ. माईकवर यांतला फरक ऐकू येत नाही. ध्वनिवर्धक कितीही चांगला असो, मागच्या रांगेला कळत नाही. खेळाडूने अक्षर शब्दासकट सांगावं: बाणातला ण, बाळातला ळ, शहामृगातला श. ष साठी ‘पोटफोड्या ष’ आहेच. आमच्याकडे आता लहान मुलंही मोठ्या ऐटीत ‘पोटफोड्या’ म्हणतात.

‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च उच्चाराने वेगळे असले तरी अक्षर एकच, दोन्ही उघडायचे. ज आणि झ यांचंही तेच.

शेजारी ‘सांगून झालेली अक्षरं’ असा तक्ता हवाच. त्यावर ळ विसरू नका. इंटरनेटवरून उतरवलेल्या हिंदी वर्णमालेच्या तक्त्यात तो बहुधा नसतो. ङ आणि ञ काढून टाकले तरी चालतात. ॲ आणि ऑ ठेवा. २००९च्या शासननिर्णयाने ते मराठी वर्णमालेत आलेले आहेत आणि ‘बॅट’, ‘डॉक्टर’ यांच्यावाचून आपलं बोलणं पुढे सरकत नाही.

कोडं निवडताना

म्हणी सगळ्यांना पाठ असतात, म्हणून सगळे म्हणींकडे धावतात. पण ‘अति तिथे माती’ घ्या: सहा चौकटी, त्यातल्या तीन नुसत्या त ने उघडतात. एका फेरीत खेळ संपला, बाकीचे दोन खेळाडू चाकाला हात न लावता बसले. म्हण घ्यायचीच तर लांब आणि वेगवेगळ्या व्यंजनांची घ्या.

मला सर्वांत आवडलेला प्रकार मूळ कार्यक्रमातल्याच एका प्रकारावरून सुचला. तिथे दोन शब्दसमूह एका सामाईक शब्दाने जोडलेले असतात. मराठीला हे फार छान मानवतं. पुरणपोळी आणि ‘पोळी भाजून घेणे’ मिळून ‘पुरणपोळी भाजून घेणे’. मिसळपाव आणि पाव किलो मिळून ‘मिसळपाव किलो’. वडापाव आणि पावशेर मिळून ‘वडापावशेर’. याला आम्ही ‘सांधेजोड’ म्हणतो. म्हण पाठ असून इथे भागत नाही, भाषेशी दोस्ती लागते. एका आजींनी ‘पुरणपोळी भाजून घेणे’ तीन अक्षरांवर ओळखलं होतं.

शब्द निवडताना गावागावातला फरक लक्षात घ्या. एका घरातली पोळी दुसऱ्या घरातली चपाती असते, भाकरी कुठे भाकर असते. कोड्यात असा शब्द असला की उत्तर सांगणारा आपल्या घरचं रूप सांगतो आणि ‘चूक’ ऐकून दुखावतो. असे शब्द टाळा, किंवा दोन्ही रूपं मान्य करा. दीर्घ-ऱ्हस्वाबद्दल वाद आलाच तर साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ नियम आणि १९७२मध्ये भर पडलेले चार, एवढे छापून टेबलावर ठेवा. ‘कवी’ दीर्घ पण ‘कविराज’ ऱ्हस्व कसा, हे तिथेच दाखवता येतं.

मूळ कार्यक्रमाच्या शेवटच्या फेरीत १९८८पासून आर, एस, टी, एल, एन, ई ही अक्षरं खेळाडूला आधीच दिली जातात, कारण त्याआधी जवळजवळ सगळे तीच मागायचे. बऱ्याच जणांना त्याची नक्कल करून र, स, ट, ल, न द्यावंसं वाटतं. देऊ नका. ती इंग्रजीची अक्षरं आहेत, मराठीत ट ला तेवढा भाव नाही. तुमची स्वतःची कोडी एका कागदावर मांडा, कुठलं व्यंजन किती वेळा येतं ते मोजा आणि पहिली पाच द्या. एका संध्याकाळचं काम आहे.

चाक एकाच घरावर का थांबतं?

कारण एक बाजू जड आहे. टीव्हीवरचं चाक आडवं असतं, म्हणून त्याला हा त्रास नाही. आपण ते भिंतीसारखं उभं लावतो आणि मग जड बाजू दर वेळी खाली जाते. जुन्या सायकलचं चाक बेअरिंगसकट वापरा आणि त्यावर पुठ्ठा बसवा. हलकं फिरवून सोडा. तळाशी थांबलेल्या जागेवर खूण करा आणि चार-पाच वेळा बघा. खूण दर वेळी खालीच येत असेल तर बरोबर समोरच्या बाजूला मागून चिकटपट्टीने एक-एक नाणं लावत जा. कुठेही थांबायला लागलं की झालं. काट्यासाठी जुन्या फाइलच्या प्लॅस्टिकची पट्टी पुरते.

मूळ चाकावर २४ घरं असतात. आपण जागेअभावी आठ करतो आणि ‘दिवाळं’ (तिथे चाक थांबलं की जमलेले गुण शून्य) एक ठेवतो. ऐकायला एकच, पण हिशेब बघा: दहा वेळा चाक फिरवून एकदाही दिवाळं न निघण्याची शक्यता आठ घरांच्या चाकावर साधारण २६ टक्के, तर २४ घरांपैकी दोन घरं दिवाळ्याची ठेवली तर सुमारे ४२ टक्के. लहान चाकावर लोक सारखे शून्यावर येतात आणि मुलं रडतात. कमीत कमी सोळा घरं करा. किंवा दिवाळं काढून फक्त ‘पाळी गेली’ ठेवा.

संगणकावर फळा करणाऱ्यांसाठी

स्प्रेडशीटला अक्षरं मोजायला लावू नका. ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर, पण यंत्राला सहा खुणा दिसतात: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. ‘महाराष्ट्र’ चार चौकटींचा शब्द, यंत्र सांगतं दहा. चौकटी हातानेच पाडा. सुटा काना टाइप केला की सोबत ठिपक्यांचं वर्तुळ येतं. म्हणून प्रत्येक चौकटीसाठी ‘न’ आणि ‘ना’ अशी दोन पूर्ण चित्रं तयार ठेवा आणि काना विकला गेला की चित्र बदला. कार्यक्रमाच्या लॅपटॉपवर आदल्या दिवशी उघडून बघा, कारण फॉन्ट बदलला की जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. आम्ही शेवटी पुठ्ठ्याच्या कार्डांवरच आलो.

वेळ संपत आली आणि कोडं सुटत नाही

आरतीची वेळ झालेली असते आणि फळ्यावर सहा चौकटी कोऱ्या. अशा वेळी डाव अर्धवट सोडू नका, उत्तर वाचूनही टाकू नका. मूळ खेळातली जुनी युक्ती घ्या: घंटा वाजवा आणि सूत्रधाराने स्वतः एकदाच चाक फिरवावं. जे गुण येतील ते आता प्रत्येक व्यंजनाला. चिन्हं फुकट, पण त्यांना गुण नाहीत. खेळाडूंनी आळीपाळीने एकेक अक्षर सांगायचं आणि सांगून झालं की पाच सेकंदांत ओळखायचं. आमचा सर्वांत लांबलेला डाव असा चार मिनिटांत संपला होता, आणि उत्तर ‘मिसळपाव किलो’ हे सभागृहातल्या निम्म्या लोकांनी एकदम ओरडून सांगितलं. त्या फेरीचे गुण तिघांत वाटून दिले.