एअर प्युरिफायर लावूनही फरक पडत नाही? या चुका टाळा

प्युरिफायर दिवसभर चालतो, तरी धूळ आणि शिंका कमी होत नाहीत? आधी प्लग काढा आणि फिल्टरचं झाकण उघडा. नव्या फिल्टरवरची प्लास्टिकची पिशवी अनेक घरांत तशीच राहिलेली असते. पंख्याचा आवाज येतो, पण हवा गाळली जातच नाही.

पिशवी काढलेली असेल, तर खोलीचा हिशेब मांडा. खोक्यावर सीएडीआर लिहिलेला असतो, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळेल तो आकडा. १२ बाय १० फुटांच्या, १० फूट उंच खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा मावते. ती तासाला पाचदा गाळायची तर १७० सीएडीआर लागतो. हा आकडा बहुधा पंखा पूर्ण वेगात असतानाचा असतो. रात्री स्लीप मोड लावला की तो बराच खाली येतो. म्हणून जरा मोठंच मशीन घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. पडद्याआड किंवा सोफ्याला चिकटवून ठेवू नका.

हेपा फिल्टर, म्हणजे बारीक कण पकडणारा मुख्य फिल्टर, नळाखाली धरू नका. पाण्याने त्याचे बारीक तंतू बिघडतात. धुवायची ती बाहेरची जाळी, तीही कंपनीने सांगितलं असेल तरच.

हेपा कण पकडतो, वायू नाही. वासासाठी कार्बन फिल्टर लागतो, आणि तो पातळ असेल तर लवकर भरतो. फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट पंखाच लावा. गॅस गिझरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड तर कुठलाही घरगुती प्युरिफायर थांबवत नाही. हा वायू जीव घेतो. तिथे हवा खेळती हवीच.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती 'निर्जंतुकीकरण' म्हणून विकल्या जाणाऱ्या, ओझोन वायू सोडणाऱ्या यंत्रांची. माणसाला सोसेल इतक्या ओझोनने जंतू फारसे मरत नाहीत, आणि जंतू मरतील इतका सोडला तर फुप्फुसांना इजा होते. दम्याच्या रुग्णाच्या खोलीत हे यंत्र नकोच. कॅलिफोर्नियात घरगुती एअर क्लीनरमधून येणाऱ्या ओझोनवर ०.०५० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५० भाग) कायदेशीर मर्यादा आहे. यूव्ही-सीचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचा, उघडा दिवा माणसं असताना लावला तर डोळे आणि त्वचा भाजते. मशीनच्या आत बसवलेल्या छोट्या यूव्ही दिव्यासाठीही जादा पैसे मोजू नका, कारण हवा त्याच्यासमोरून क्षणात निघून जाते. तुमच्या मशीनवर आयोनायझरचं (हवेतल्या कणांना विद्युतभार देणाऱ्या भागाचं) वेगळं बटण असेल, तर ते बंद ठेवा. काही आयोनायझर ओझोन तयार करतात.