हजचे पाच दिवस आणि बकरी ईद: कधी काय करायचं

पहिल्यांदा हजला निघालेल्यांना मी एकच सांगतो, दुआ पुस्तकात बघूनही म्हणता येतात पण कुठल्या दिवशी कुठे काय करायचं ते तोंडपाठ पाहिजे, कारण लाखोंच्या गर्दीत कोणाला विचारत बसायला वेळच मिळत नाही.

८ जिलहिज्जाला (इस्लामी वर्षाचा शेवटचा महिना, पुढच्या सगळ्या तारखा त्याच्याच) एहराम, म्हणजे हजचा खास पोशाख, बांधून मक्केजवळच्या मिनाला जायचं. नियत (हजचा संकल्प) केली की अत्तर नाही, नखं-केस कापणं नाही, साबणसुद्धा बिनवासाचा घ्या, हे खूप जण विसरतात. तंबूच्या नंबरचा फोटो काढून ठेवा, तिथे सगळे तंबू सारखेच दिसतात.

९ ला अरफातच्या मैदानात, म्हणजे खरा हज. दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत हद्दीच्या आतच राहायचं, पाट्या नीट बघा. तिथल्या जबल-ए-रहमत टेकडीवर चढलंच पाहिजे असं काही नाही, दुआ तंबूतूनही मागता येते, म्हाताऱ्या माणसांना उन्हात ओढू नका प्लीज.

मग अरफात आणि मिनाच्या मधलं मुजदलिफा. मगरिब (सूर्यास्ताची नमाज) वाटेत नाही पढायची, तिथे पोचून इशासोबत (रात्रीची नमाज). रात्र उघड्यावर काढायची आणि कंकऱ्या वेचायच्या, म्हणजे मिनात सैतानाच्या प्रतीकांना, जमरातना, मारायचे खडे. आमची अम्मी मोबाइलच्या उजेडात खाली बसून एकेक खडा बोटांनी चाचपायची, मोठा निघाला की टाकून द्यायची, हरभऱ्याएवढा मिळाला की बटव्यात. ४९ लागतात, १३ तारखेपर्यंत थांबलात तर ७०, वर थोड्या जास्तच घ्या, गर्दीत हातातून पडतात.

१० ला खरी गडबड. हनफी (सुन्नींचा एक फिकही पंथ) असाल आणि तमत्तु हज (आधी उमरा, मग वेगळ्या एहरामने हज) करत असाल तर क्रम चुकवू नका: मोठ्या जमरातला ७ कंकऱ्या (पहिली मारताना लब्बैक, म्हणजे एहरामपासून चाललेला पुकारा, थांबतं), मग कुरबानी, मग मुंडण, बायकांनी बोटाच्या पेराएवढे केस कापायचे. कूपन घेऊन दुसऱ्याकडून करवलेली कुरबानी झाल्याचा निरोप आल्याशिवाय डोक्याला वस्तरा लावू नका, क्रम उलटला तर दम, म्हणजे भरपाई म्हणून आणखी एका जनावराची कुरबानी, द्यावा लागतो. तवाफ-ए-जियारत (हजमधली काबाची फर्ज प्रदक्षिणा) १२ च्या मगरिबच्या आत उरकायचा. ११ आणि १२ ला दुपार टळल्यावर तिन्ही जमरातना सात-सात.

हाजींना ईदची नमाज नसते. घरच्यांनी मात्र आपल्याकडच्या चाँदप्रमाणे १० ला आधी नमाज, मगच कुरबानी करायची, आणि गोश्तचे तीन वाटे, गरिबांचा, नातेवाईक-दोस्तांचा, घरचा. तकबीर (अल्लाहु अकबरचा घोष) ९ च्या फजरपासून (पहाटेची नमाज) १३ च्या असरपर्यंत (दुपारनंतरची नमाज) प्रत्येक फर्ज नमाजनंतर, मुलांकडूनही मोठ्याने म्हणवून घ्या.